वाळीतल्या घरचा हात

आत्मकथन लिहिण्याचं माझं वय नाही, असं आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मत आहे. माणसानं आधी जगावं, मग म्हातारं व्हावं आणि मगच लिहावं, असं ते म्हणतात. पण आप्पांवर विसंबून राहिलं तर आमच्या घरात घडलेली एकही गोष्ट गोष्ट म्हणून शिल्लक राहणार नाही. ते तिचं पत्रक करतात. वर ठळक मथळा, खाली मुद्दे, शेवटी उद्गारचिन्ह. म्हणून मंगेशच्या लाल गाडीची हकीकत मी आत्ताच लिहून ठेवते आहे, तिचे मुद्दे व्हायच्या आत.

आप्पा महाडच्या एका छापखान्यात कामाला होते. पोलादपूरहून कुडपणकडे चढणाऱ्या रस्त्याला मधेच डाव्या हाताला आमची वाडी. तिथून ते सकाळच्या एसटीनं जात आणि दिवेलागणीला परत येत, काखेत वाया गेलेल्या छपाईचा गठ्ठा घेऊन. त्यात लग्नपत्रिका कमी, पत्रकंच जास्त: मोर्चाची, उपोषणाची, बंदची, आणि त्यातली बरीचशी आप्पांनीच लिहिलेली. आमच्या फडताळात पत्रकं अंथरलेली, डब्यांच्या झाकणांत पत्रकं, खिडकीच्या फुटक्या काचेला पत्रक. मी आयुष्यात पहिला शब्द वाचला तो 'जाहीर' आणि दुसरा 'निषेध'. आई तव्यावरची भाकरी कागदावर टाकायची तेव्हा कच्च्या शाईची अक्षरं भाकरीवर उलटी उमटायची, आणि मी 'हक्क' कुठं आलाय, 'एकजूट' कुठं आलीय ते बघून तुकडा मोडायचे. अशा घरात वाढलेल्या पोरीनं कोणापुढे मान खाली घालावी ही अपेक्षाच चुकीची होती. शाळेत मी खिचडीच्या पातेल्यासमोर उपोषणाला बसले होते. कारण आता आठवत नाही, पण मागणी मान्य झाली होती.

मी महाडला कॉलेजात जायला लागले त्या सुमारास आप्पांनी गावकीवर पत्रक काढलं. आमच्या वाडीच्या गावकीत बायकांना बसायला परवानगी नव्हती. पत्रकाचा मथळा होता: 'अर्ध्या गावाला तोंड नाही काय?' ते पत्रक हाती पडल्यावर देवळात तातडीची बैठक भरली. गावकीचे अध्यक्ष गंगाराम आबा, आमच्या समोरच्याच घरातले. आबा चष्मा घरी विसरले होते, म्हणून पत्रक बैठकीपुढे वाचून दाखवायची जबाबदारी आप्पांवरच आली. आप्पांनी ते आवाजाच्या चढउतारासकट वाचलं. एकदोन ठिकाणी टाळ्याही पडल्या. मग सर्वानुमते आमचं घर वाळीत टाकण्यात आलं, आणि गावात अक्षर चांगलं आप्पांचंच असल्यामुळे तो ठरावही त्यांनीच लिहून दिला. ठराव साधा होता. त्या घराशी कोणी बोलायचं नाही, त्यांना बोलवायचं नाही, त्यांच्याकडे जेवायचं नाही. जो बोलेल तोही वाळीत.

आता कोणी म्हणेल, याविरुद्ध कायदा आहे. आहे, आणि तो आम्हांला पाठ होता. मी तर तक्रारीचा मसुदाही केला होता, त्यात दोन शेर घालून. पण आई नको म्हणाली. "पोलिसांच्या भीतीनं बोलतील," ती म्हणाली. "तसलं बोलणं मला नको."

आईला बोलणं हवं होतं ते सुलूकाकीचं. सुलूकाकी म्हणजे आबांची बायको. दोघी एकाच हंगामात लग्न होऊन वाडीत आल्या, मधल्या निवडुंगाच्या कुंपणाला दोघींनी मिळून वाट पाडली. उन्हाळ्यात फेण्या, पोह्याचे पापड, आंबोशी, फणसाची साठं, सगळं एकाच खाटेवर वाळायचं आणि मग दोन घरांत वाटलं जायचं. गावात कोणाचंही लग्न असो, हळद दळायला जात्यावर आई आणि काकी समोरासमोर बसायच्या आणि पहिली ओवी आई म्हणायची. तिचा आवाज काही फार गोड नाही. पण तिनं सुरुवात केली की बाकीच्यांना शब्द आठवतात. ठरावानंतर हे सगळं थांबलं. मग दोघींनी एक युक्ती काढली. काकी आपल्या म्हशीला मोठ्यानं सांगायची, "मंगेशचं जमलं गो बाय. पोरगी उमरठची हाय. रंगानं सावळी, पण डोळे बघ, टपोरे." आणि आई कुंपणाच्या अलीकडे मांजरीला म्हणायची, "ऐकलंस? बरं झालं. आता त्याच्या आयशीला जरा आराम." त्या काळात आमच्या मांजरीला गावातलं सगळं ठाऊक होतं. मला हसू यायचं. आईला यायचं नाही.

तर मंगेश, आबा-काकींचा मुलगा. तो मुंबईत कुठल्याशा बड्या माणसाकडे कामाला होता. त्या माणसाची जुनी दोनच सीटांची, जमिनीला टेकलेली, लालभडक स्पोर्ट्स कार त्यानं विकत घेतली होती आणि लग्नाला ती घेऊन आला होता. गाडी दिसायला दृष्ट लागण्यासारखी. पण मागे येताना तिचा इशारा वाजत नसे, आणि आल्या दिवशीच ती मागे घेताना एका वासराला चाटून गेली. म्हणून आबांनी पोलादपूरला नेऊन तिला रिव्हर्सचं संगीत बसवून घेतलं. गाडी मागे यायला लागली की पांढरा दिवा लागे आणि गणपतीची आरती वाजे. इथपर्यंत ठीक होतं. दुसऱ्या दिवशी दिवा लागला तो लागलाच. गिअर कुठलाही असो, चावी फिरवली की मागे पांढरा दिवा आणि आरती. मंगेश पुढे चालला की गाडी सगळ्या जगाला सांगे, मी मागे येतेय. आंबेनळी घाटात त्याच्या मागचे ट्रक ब्रेक दाबून जागच्या जागी थांबले. वाडीत तो आला की ओट्यांवरची म्हातारी माणसं उठून हात जोडून उभी राहत, आणि कडव्याच्या मधेच बसायचं कसं म्हणून गाडी दिसेनाशी होईपर्यंत टाळ्या वाजवत.

महाडहून मिस्त्री आला. तो म्हणाला, गिअरबॉक्सवर अंगठ्याएवढा एक स्विच असतो. रिव्हर्स टाकला की तो दाबला जातो आणि दिवा लागतो. हा दाबलेलाच अडकून बसलाय. नवा स्विच त्यानं आणला होता, पण जुना जिथं होता तिथं त्याचा हात जाईना. वर गाडीचा पत्रा, खाली गिअरबॉक्स, मधे एक फट. "गिअरबॉक्स उतरवायला लागेल," तो म्हणाला. लग्न परवावर आलं होतं.

"वायर तोडा ना," मंगेश म्हणाला.

"चालू आरती तोडायची?" आबा म्हणाले. "लग्नाच्या तोंडावर?"

गुरवाला विचारलं. गुरवानं विचार करून सांगितलं की वायर तोडली तर आरती तोडली असं होईल, पण स्विच बदलला तर ती आपली आपण थांबली असं होईल. आणि हे असंच सोडणंही शक्य नव्हतं, कारण उमरठला मांडवात नवरदेवाची गाडी शिरणार आणि मागे पांढरा दिवा लागलेला असणार. "पोरीकडचे बोलतील, नवरा माघारी चाललाय," असं म्हणून काकीनं डोळ्यांना पदर लावला. मिस्त्रीनं फटीच्या मापाचं तारेचं एक कडं वाकवून दिलं, दांडा कापून आखूड केलेला एक पाना आणि नवा स्विच ठेवला, आणि "बारीक पण लांब हाताचा माणूस बघा," असं सांगून तो निघून गेला.

त्याच वेळी लग्नघरी बांगड्या भरायला कासार आलेला होता. त्यानं ते तारेचं कडं हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाला, "ही सव्वादोनची बांगडी." मग मांडवाखाली जे झालं ते मी आमच्या ओट्यावरून बघितलं. सगळी वाडी रांगेत उभी राहिली आणि कासार प्रत्येकाच्या हातात सव्वादोनची बांगडी चढवून ती कोपरापर्यंत जाते का ते बघू लागला. पैलवानी करणारे बाप्ये हात पुढे करून उभे. पोरांच्या हातात बांगडी सरसर जायची, पण हात आखूड. एका काकांच्या मनगटात ती अडकून बसली ती साबण लावून काढावी लागली. शेवटी कासार कंटाळून म्हणाला, "सव्वादोनची कोपरापर्यंत जाईल असा मोठ्या माणसाचा हात या गावात एकच हाय. आप्पांच्या पोरीचा. मीच भरतो तिला." आणि मग त्यानं जीभ चावली.

संध्याकाळी आबा आमच्या अंगणात आले. अंगणात यायला बंदी नव्हती, बोलायला होती. ते फणसाच्या झाडासमोर उभे राहिले आणि खाकरले.

"फणसा," आबा म्हणाले, "तुझ्या घरात एक पोरगी हाय."

आप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "फणसा, कोण आलंय बघ रे. आवाज ओळखीचा वाटतो."

"फणसा, तिचा हात पायजे. घटकाभर."

"फणसा, हाताबरोबर तोंड पण येतं, सांग त्यांना. तोंडाशी बोलल्याशिवाय हात मिळत नाही."

"फणसा, नियम काय मी एकट्यानं केला नाय. गावानं केला."

"फणसा, गाव म्हणजे कोण ते विचार. अर्धं गाव तर बैठकीला नव्हतंच."

"पप्पा," कुंपणापलीकडून मंगेश ओरडला, "फणसाला बोला, अर्जंट हाय!"

माझ्या अंगाची लाही झाली. मी अंगणात उतरले आणि थेट आबांच्या समोर उभी राहिले. "आबा, माझं नाव समता. मला विचारा. मी हो म्हणेन."

आबांनी माझ्या डोक्यावरून वर, अगदी शेंड्याच्या फणसाकडे बघितलं. "फणसा, येतो मी," ते म्हणाले आणि गेले.

मी जिंकल्याच्या तोऱ्यात घरात शिरले. आई चुलीपुढे होती. ती मागे न बघता म्हणाली, "उद्या सकाळी जा."

"आई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुझ्या तत्त्वाला म्हशीशी बोलायला लागत नाय. मला लागतं." तिनं भाकरी उलटली. "त्या मंगेशला पहिली आंघोळ मी घातली. त्याच्या हळदीला मी कुंपणाआडून बघणार. निदान माझ्या घरचा हात तरी तिथं जाऊ दे."

आप्पांनी पेपरची घडी घातली आणि फडताळात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. चडफडत गेले. गाडी वर उचलायला काही नव्हतं, म्हणून देवळासमोरच्या पाण्याच्या कोरड्या पाटावर ती आडवी उभी केली होती, दोन चाकं अलीकडे, दोन पलीकडे. मी पाटात उतरून गाडीखाली उताणी सरकले. वर काळं, मातीनं लिंपलेलं लोखंड. फटीतून हात वर घातला, मनगट गेलं, कोपर घासत गेलं. त्या घासल्याचा पांढरा वण अजून आहे. दिसत काहीच नव्हतं, सगळं बोटांनी शोधायचं. मंगेशनं मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ लावला होता आणि त्यातलं ऐकून तो मला सांगत होता, म्हणजे गाडीला सांगत होता. "गाडे, आधी प्लगची क्लिप दाब. गाडे, उजव्या अंगाला. तुझ्या उजव्या, माझ्या नाय." गाडीनं क्लिप दाबली. आखूड पाना एका वेळी जेमतेम बोटभर फिरायचा. काढायचा, पुन्हा बसवायचा, पुन्हा बोटभर. जुना स्विच सुटला तेव्हा गिअरबॉक्समधलं चमचाभर ऑइल थेट माझ्या कानात आलं. नवा स्विच दोन बोटांत धरून त्याची जागा शोधताना मला पहिल्यांदाच त्या मिस्त्रीची दया आली. शेवटी तो धरला, फिरला, घट्ट झाला. प्लग कट् करून बसला. मी हात बाहेर काढून छातीवर ठेवला आणि पडून राहिले.

"झालं का रे गाडे?" वरून आबांचा आवाज आला.

मी बोलले नाही. ठरवून नाही बोलले असं म्हणता येणार नाही. ओठांवर "झालं" आलंच होतं. पण मग वाटलं, गाडीला विचारलंय, गाडी बोलेल.

"गाडे, चावी फिरवू का?" मंगेशनं विचारलं. मी गप्प. "पप्पा, हात आत असला आणि मी चालू केली तर?"

"नको, नको. हात लावू नको चावीला." मग जरा वेळानं, "गाडे, काम झालं असंल तर ठोक दे."

मी ठोक दिला नाही. पाटात गार होतं. गाडीखालून मला नुसते पाय दिसत होते, आणि त्या पायांवरून सगळं कळत होतं. गुरवाचे पाय जागच्या जागी चुळबुळत होते. मंगेशचे नवेकोरे बूट गाडीभोवती फेऱ्या मारत होते. आबांच्या चपला हलत नव्हत्या. कोणीतरी म्हणालं, चक्कर आली असंल. कोणी म्हणालं, ऑइल तोंडात गेलं काय. कासार म्हणाला, हात अडकला असंल, बांगडी पण अडकते. सगळे एकमेकांना विचारत होते, गाडीला विचारत होते, देवाला विचारत होते. ज्या एका माणसाला माहीत होतं त्याला कोणीच विचारत नव्हतं. इतके दिवस ते सगळे माझ्या आईशी जे करत होते ते मी त्यांच्याशी फक्त त्या पाटात पडून करत होते, आणि त्यांना ते सोसत नव्हतं. आज मला वाटतं, आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं पत्रक ते होतं. त्यात एक शब्द नव्हता.

मग पायांच्या गर्दीतून हिरव्या साडीचा काठ आला. काठ खाली वाकला, गुडघे मातीत टेकले आणि लग्नघरची नवी साडी नेसलेली सुलूकाकी पोटावर झोपून गाडीखाली बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर घाम आणि पीठ होतं.

"समे," ती म्हणाली, "हात निघाला काय गो?"

"निघाला, काकी. केव्हाच."

"मग बोलली का नायस?"

"कोणी विचारलं नाही."

काकीनं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढून बाहेर काढलं. तिचे तळवे काळे झाले. माझा हात तिनं उलटासुलटा करून बघितला, कोपरावरचं रक्त पदरानं टिपलं. मंगेश गाडीत बसला, चावी फिरवली. शांत. पहिला गिअर टाकला. शांत. रिव्हर्स टाकला तेव्हा पांढरा दिवा लागला, आरती सुरू झाली आणि सगळे सवयीनं हात जोडून उभे राहिले. गिअर काढला तशी ती थांबली. पोरांनी उड्या मारल्या. आबांनी हात जोडलेलेच ठेवले होते.

"सुले," ते म्हणाले, "तू बोललीस."

"बोलले."

"नाव घेऊन."

"नाव घेऊनच. पोरीचा हात यंत्रात होता. फणसाला विचारू?"

"नियम माहीत हाय ना?"

"माहीत हाय. म्हणजे आता मी वाळीत." काकीनं पदर खोचला. "वाळीतल्यांनी एकमेकांशी बोलायला बंदी हाय काय ठरावात?"

आबांनी ठराव आठवून बघितला. तसं काही लिहिलेलं नव्हतं. ठराव आप्पांनीच लिहिलेला; ती ओळ त्यांनी मुद्दाम गाळली होती की विसरले होते, हे ते आजही सांगत नाहीत. काकी मांडवात गेली, हळकुंडांचं सूप उचललं, डोक्यावर घेतलं आणि निवडुंगाच्या कुंपणातल्या जुन्या वाटेनं सरळ आमच्या घरात शिरली. वाट बुजली होती. तिनं ती साडीनंच मोकळी केली.

आई तांदूळ निवडत होती. दारात काकीला बघून ती उठली नाही. नुसती बघत राहिली. मला वाटलं, आता रडारड होणार, आणि मी तोंड फिरवायच्या तयारीत राहिले.

"हळद आणलीय," काकी म्हणाली.

आईनं तिच्या तळहातांकडे बघितलं. "हात धू आधी," ती म्हणाली. "ऑइलची हळद लावशील त्याला."

मग दोघी जात्याला बसल्या. सुरुवातीला जातं नुसतंच घरघरत होतं. पिवळी धूळ उडायला लागली, घरभर वास सुटला, तेव्हा आईनं खाकरून पहिली ओवी काढली. आवाज फुटका होता. दुसऱ्या ओळीला काकीनं हात दिला आणि तो नीट झाला. बाहेर कुंपणाशी बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. आत कोणी येत नव्हतं, पण त्यांचे ओठ हलत होते. आप्पा ओट्यावर बसून पेन उघडझाक करत होते. त्यांना मथळा सुचत नव्हता.

आबा आले ते चढत्या उन्हात. मांडवात हळदीसाठी उमरठचे पाहुणे येऊन बसले होते आणि चहाची पावडर कुठं ठेवलीय ते काकीशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. ते दारात उभे राहिले तशी ओवी थांबली. जातंही थांबलं. आबा काकीकडे बघत राहिले, मग जमिनीकडे, मग जात्याभोवती साचलेल्या हळदीकडे. पाव्हणे खोळंबले होते. मला वाटतं आबांनी तोंड उघडलं ते पावडर विचारण्यासाठीच. पण त्यांची नजर आईवर गेली आणि तिथंच राहिली.

"वयनी," आबा म्हणाले, "थांबलात कशाला?"

काकीनं मान वर केली नाही. "बोललात," ती म्हणाली. "आता तुम्ही पण वाळीत."

आबांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.